शंकूला धक्का लागला, बाई!

रविवारी पहाटे साडेपाचला आमच्या जावयांनी गाडीतला गणपती उचलून स्वयंपाकघराच्या ओट्यावर आणून ठेवला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की या घरात काहीतरी भलतं शिजतंय. न्यू जर्सीत एडिसनला लेकीकडे येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. झोपेचं खोबरं झालेलंच होतं, म्हणून चहाचं आधण ठेवून बसले होते. गणपतीपाठोपाठ एकेक वस्तू घरात यायला लागली. छत्री. नातवाचा एक बूट. दांडियाच्या तीन काठ्या. चौथीचं काय झालं ते विचारू नका. देशी दुकानाच्या पावत्यांचा गठ्ठा, कढीपत्त्याची वाळलेली काडी, अर्धी पाण्याची बाटली आणि शेवटी पायाखालच्या चटयासुद्धा.

"जावईबापू, गाडी विकली की काय?"

"नाही आई. रेसला चाललोय."

आता माणूस त्रेचाळीस वर्षांचा. डोक्यावर घराचं कर्ज, रक्तात कोलेस्टेरॉल, पदरात दोन मुलं. हे गृहस्थ हेल्मेट काखोटीला मारून रेसला निघाले. आणि आमची लेक, जिला मी बारावीपर्यंत सायकलवरून पुण्यातला अलका टॉकीजचा चौक ओलांडू दिला नाही, ती नवऱ्याला अडवेल की नाही? ती मागून ओरडते काय, तर "सनस्क्रीन घेतलंस का?"

मी त्याच दिवशी पुण्याला फोन लावून ही बातमी चार घरी पोचवली, हे वेगळं सांगायला नको. पण खरा धक्का पुढेच होता. चौकशी केली तेव्हा कळलं की हे एकट्याचं खूळ नाही. गणेशोत्सवाच्या समितीवरचे एक दातांचे डॉक्टर जातात. दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करणारे, बोलताना आवाजसुद्धा न चढवणारे एक सद्गृहस्थ जातात. मुलींना भरतनाट्यम शिकवणाऱ्या एक बाईही जातात म्हणे, आणि त्यांचं पदलालित्य क्लचवरही दिसतं! या प्रकाराला ऑटोक्रॉस म्हणतात. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बटाटेवड्यांच्या रांगेत उभे राहून हे लोक कुजबुजत असतात, आणि आपल्याला वाटतं ग्रीन कार्डाचं बोलताहेत.

पुढच्या खेपेला मीच गाडीत जाऊन बसले. म्हटलं, लेकीचं कुंकू बळकट आहे की नाही ते एकदा डोळ्यांनी बघू.

पोचलो कुठे, तर एका अवाढव्य स्टेडियमच्या पार्किंगमध्ये. मला वाटलं होतं रेस म्हणजे गोल ट्रॅक असेल, झेंडे असतील, शॅम्पेन उडवणारी मुलं असतील. इथे नुसतं डांबर, आणि त्यावर शेकडो नारिंगी शंकू. भूमितीतला असतो तो शंकू. तिकडे सगळे त्याला 'कोन' म्हणतात, आणि अशा हळव्या आवाजात म्हणतात की कुणाच्या घरचं लहान मूल असावं. शंकूंच्या दोन रांगांमधून रस्ता आखलेला. एका वेळी शर्यतीची एकच गाडी सुटते, घड्याळ चालू होतं, गाडी वळणं घेत घेत जाते आणि शेवटच्या दारातून बाहेर पडली की घड्याळ बंद. आकडा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. वाटेवर फार तर आणखी एखादी गाडी पुढे-मागे असते, पण इतक्या अंतराने की एकमेकींचं तोंडही दिसू नये. धडक नाही, ओव्हरटेक नाही.

आता हिशेब ऐका. प्रवेश फी साठ डॉलर. फेऱ्या पाच. एक फेरी पन्नास सेकंदांची. म्हणजे सकाळी साडेसहाला जायचं, दुपारी साडेचारला परतायचं, आणि त्यात गाडी चालवायची एकूण चार मिनिटं दहा सेकंद! रुपयांत सेकंदाला साधारण वीस. आमच्या काळी या भावात अख्खा सिनेमा दाखवून वर भेळ मिळायची.

बरं, पैसे भरले म्हणून आराम म्हणाल तर तोही नाही. एका गटाच्या फेऱ्या चालू असताना दुसऱ्या गटाने उन्हात उभं राहून पडलेले शंकू उचलायचे. पैसे भरायचे आणि वर राबायचं! आणि राबायचे नियम तर आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाईंना लाजवतील असे. बसायचं नाही. फोन बघायचा नाही. फोटो काढायचे नाहीत. धावत्या गाडीकडे पाठ करायची नाही. लाल झेंडा वर गेला की चालकाने जिथे असेल तिथे थांबायचं. आत शिरतानाच सगळ्यांकडून कागदावर सही घेतात की काही झालं तर आमचं आम्ही बघू, नुसत्या बघ्यांकडूनही. मीही सही ठोकली, मराठीत. मनगटाला कागदी पट्टा बांधला तेव्हा मात्र बाळंतपणाची आठवण झाली. एक गोष्ट जावयांनी खाजगीत कबूल केली: इथे गाडीला काही झालं तर आपला नेहमीचा विमा ती भरपाई देईल असं धरून चालू नये, पॉलिसी आधी वाचावी. म्हणजे वाचली होती. मग तरी गेले!

मग गाड्यांची तपासणी. मला उगाच वाटत होतं की गणपती घरी ठेवला तो नास्तिकपणा म्हणून. तसं नव्हतं. गाडीत सुटी वस्तू म्हणून काही ठेवायचीच नाही. जोरात वळण घेताना पाण्याची बाटली घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली गेली की संपलं. चटई सरकून पायात येते. ओवाळून लावलेला का असेना, डॅशबोर्डवरचा गजाननही वळणावर उडू शकतो. तपासणीस बॅटरी हलवून बघतो, चाकाचे नट घट्ट आहेत का बघतो, टायर झिजून तारा बाहेर आल्यात का, ब्रेक दाबला की कडक लागतो का, खाली तेलाचा थेंब पडतोय का. दहा मिनिटांत सगळी झडती. लेकीच्या लग्नात मुलाची इतकी चौकशी आम्ही केली नव्हती.

जावयांनी सगळ्यात आधी, मागच्या वर्षी, घरची सात जणांची मिनीव्हॅन नेली होती, ही गोष्ट मला तिथेच एका डॉक्टरसाहेबांकडून कळली. दारातूनच परत पाठवली. गाडी चाकांमधल्या अंतराच्या मानाने उंच असली की वळणावर लोळायची भीती, म्हणून असल्या गाड्यांना मज्जाव. तेव्हापासून लेकीची रोजची ऑफिसची सेडान राबते. दोन्ही बाजूंच्या दारांवर निळ्या चिकटपट्टीने आकडा चिकटवलेला, लग्नाच्या वऱ्हाडाच्या बसवर असतो तसा.

हेल्मेटची कथा वेगळीच. पीट स्नेल नावाचा एक रेस ड्रायव्हर १९५६ साली डोक्याला मार लागून गेला. हेल्मेट होतं, पण कुचकामी. पुढच्याच वर्षी त्याच्या नावाने एक संस्था निघाली, ती हेल्मेटं ठोकून, आपटून पास-नापास करते. आत अस्तराखाली तिचा शिक्का असतो, त्यावर साल असतं, आणि फार जुनं साल असलं तर हेल्मेट बाद. नव्या माणसाने पहिल्याच दिवशी चारशे डॉलरचं हेल्मेट घ्यायचं कारण नाही, बहुतेक क्लब उसनं देतात. आमच्यांनी अर्थातच घेतलं. चकचकीत, पांढरं. उसन्या हेल्मेटला दुसऱ्याच्या डोक्याचा वास येतो म्हणे. नाकाचे नखरे बघा!

हे सगळं चालवतं कोण, तर ठिकठिकाणचे क्लब. त्यातला सगळ्यात मोठा 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका', १९४४ सालचा. त्यांच्यात या खेळाला 'सोलो' म्हणतात. दर सप्टेंबरात नेब्रास्का राज्यात लिंकन शहरी यांचा राष्ट्रीय मेळा भरतो, जुन्या विमानतळाच्या काँक्रीटवर, आणि हजाराहून जास्त लोक येतात. तिथे किती चालवायला मिळतं? दोन मार्ग, प्रत्येकी तीन फेऱ्या. एडिसनहून दोन हजार किलोमीटर गाडी हाकत जायचं, सहा वेळा मिनिटभर चालवायचं, आणि दोन हजार किलोमीटर परत यायचं. आमचे जावई तिथे जायची स्वप्नं बघताहेत. लेक म्हणते, "आई, लोक पंढरीला चालत नाहीत का जात?" मी म्हटलं, विठोबा कुणाच्या फेऱ्या मोजत नाही.

पण एक खरं सांगू का? हळू सांगते. माझं माहेर मंचरकडचं. तिथल्या घाटात बैलगाडा सुटतो तोही एका वेळी एकच, आणि स्पर्धा घड्याळाशीच. त्या एका धावेला बारी म्हणतात. वर्षभर बैलाला खुराक, मालिश, स्वतःच्या लेकराला नाही इतक्या लाडाने वाढवायचं, आणि दहा-पंधरा सेकंदांत बारी संपते. मग पुढचे सहा महिने पारावर बसून बैल कुठे चुकले याची चर्चा. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्या डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या. मधली सात वर्षं आमचे एक मावसभाऊ रिकाम्या घाटाकडे बघत उसासे टाकायचे. तेव्हा सेकंदांसाठी वेडे होणारे पुरुष मला काही नवे नाहीत. फरक इतकाच, की आमच्याकडे बैलाला तरी कोणी हेल्मेट विचारलं नाही.

असो. मी सांगत होते पहिल्या दिवसाचं. फेरी सुरू होण्याआधी सगळे त्या शंकूंच्या वाटेवरून पायी चालतात. एकदा नाही, तीन-तीनदा. लांबून बघितलं तर वाटावं, प्रदक्षिणाच घालताहेत. जावई आणि दातांचे डॉक्टर दोघं चालले ते मुलांच्या कॉलेजच्या फीबद्दल बोलत. तीन चकरा झाल्या, फीचा प्रश्न सुटला नाही. आणि पहिल्या फेरीत आमचे जावई रस्ता चुकले! पार्किंगमध्ये! आयुष्यभर नकाशांच्या सॉफ्टवेअरवर काम केलेला माणूस, चौथ्या वळणावर डावीकडे जायचं ते उजवीकडे गेला, समोर नुसतं मोकळं डांबर, तिथे बावरून उभा राहिला. निशाणवाल्या पोरीने हाताने बाहेरची वाट दाखवली. घड्याळाच्या फळ्यावर वेळेऐवजी 'बाद' अशा अर्थाची तीन अक्षरं आली.

माझ्या शेजारी घडीच्या खुर्चीवर सत्तरीच्या एक गोऱ्या आजीबाई बसल्या होत्या, थर्मासातून कॉफी पीत. लेकीने ओळख करून दिली. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, पहिल्या फेरीत वाट सापडली तरी पुष्कळ. वेळेचा विचार दुसरीपासून करावा. आणि पायी चालताना गप्पा मारायच्या नाहीत. एक चक्कर एकट्याने मारायची. अवघड जागी वाकून, चालकाचे डोळे असतात त्या उंचीवरून बघायचं, कारण उभ्याने दिसणारी वाट बसल्यावर दिसत नाही. बसल्यावर नारिंगी रंगाचं नुसतं जंगल. म्हणून शंकूंची दारं असतात तिथे एखादा शंकू आडवा ठेवतात, त्याचं टोक सांगतं वळायचं कुठे. आडव्याला धक्का लागला तर शिक्षा नाही. उभा पाडला किंवा त्याच्या जागेबाहेर ढकलला तर दोन सेकंद दंड. एकेका शंकूचे दोन-दोन.

या आजीबाई मग उठल्या, एका इवल्याशा दोन आसनी उघड्या गाडीत जाऊन बसल्या, आणि आमच्या जावयांच्या दिवसभरातल्या सर्वोत्तम वेळेपेक्षा नऊ सेकंद कमी वेळात जाऊन आल्या. कॉफी अजून गरम होती.

ती गाडी म्हणजे मियाटा. माझ्दा कंपनीने १९८९ साली शिकागोच्या मेळ्यात पहिल्यांदा दाखवली. वजन जेमतेम हजार किलोच्या आसपास. या मैदानात बघावं तिकडे मियाटा, लग्नात बघावी तिकडे पैठणी असते तशी. जावयांची नजर त्या गाडीवरून ढळेना. मी लेकीला विचारलं, "यात मुलं कुठे बसणार?" ती म्हणाली, "मुलं मिनीव्हॅनमध्ये." म्हणजे विषय घरात निघून गेलेला आहे! मला कोणी सांगितलंसुद्धा नाही.

दुपारी आजीबाईंनीच जावयांच्या शेजारी बसून एक फेरी घेतली. अनुभवी माणसाला शेजारी बसवणं, नाहीतर त्याच्या शेजारी बसून येणं, ही नव्यासाठी सगळ्यात मोठी शिकवणी, आणि तिला पैसे पडत नाहीत. परत आल्यावर त्यांनी जे ऐकवलं ते लेकीने माझ्यासाठी मराठीत आणलं, आणि मी कान टवकारून ऐकलं. पुण्याला सांगायचं होतं ना.

म्हणे, तुम्ही समोरच्या शंकूकडे बघताय. समोरचा संपला, त्याचं आता काही होऊ शकत नाही. त्याच्या पुढच्याचं, त्याच्याही पुढच्याचं बघा. आता यात काय मोठं शास्त्र? मी पंधरा वर्षं लक्ष्मी रोडवरून लूना चालवली. समोरच्या म्हशीकडे टक लावून बघितलं की लूना म्हशीवरच जाते, आणि म्हशीपलीकडच्या फटीकडे बघितलं की फटीतून जाते. हे सांगायला सत्तरीची अमेरिकन बाई कशाला हवी? मी आहे की घरात!

दुसरं म्हणे, टायर बोंबलतोय म्हणजे तुम्ही जोरात जाताय असं नाही. तुम्ही नुसते बोंबलताय. टायरची पकड म्हणजे महिन्याचा पगार समजा (ही उपमा माझी, आजीबाईंची नव्हे). सगळा ब्रेकवर उडवला तर वळायला दमडी उरत नाही. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी नाक सरळ ठेवून घसरत जाते, रागावून माहेरी निघालेल्या सुनेसारखी. म्हणून ब्रेक मारायचा तो सरळ रेषेत, वळणाच्या आधी, आणि मारायचा तो ठाम. वळताना हळूहळू सोडायचा. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढच्या चाकांवर येतं, पुढची चाकं रस्त्याला चिकटतात आणि वळतात. गॅस दिला की वजन मागे. मंडळाच्या जेवणाला आमटीचं पातेलं डिकीतून ज्याने नेलंय त्याला हे शिकवावं लागत नाही. आमटी सांडू न देता जो गाडी चालवतो, तोच इथे जोरात जातो. आमचे जावई आमटी कायम सांडतात. डिकीला अजून हिंगाचा वास आहे.

बसण्याचंही एक तंत्र निघालं. सीट पुढे घ्यायची, पाठ टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या माथ्यावर टेकलं पाहिजे. आणि पट्टा घट्ट बसवायची युक्ती तर मला फार आवडली: सीट थोडी मागे सरकवायची, पट्टा लावून झटका द्यायचा म्हणजे तो अडकतो, मग सीट पुढे घ्यायची. माणूस असा आवळला जातो की श्वास घ्यायचा तर परवानगी काढावी लागेल. गिअरचं फारसं काम नाही. बहुतेक वाट दुसऱ्या गिअरमध्येच संपते. आणि वेग? फार तर ताशी ऐंशी-नव्वद किलोमीटरच्या आत-बाहेर. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर टेम्पोवाले याहून जोरात जातात, आणि त्यांना पार्किंगमध्ये कोणी टाळ्या वाजवत नाही.

मधल्या वेळात जावई माझ्याकडे आले. "आई, पर्समध्ये खडू आहे का?" माझ्या पर्समध्ये सगळं असतं, नातीच्या रांगोळीचा खडू निघाला. मला वाटलं, आता तरी देवाची आठवण झाली, चाकांची पूजा करणार, लिंबू नाही तर निदान स्वस्तिक. पण गृहस्थांनी टायरच्या बाजूवर चार ठिकाणी उभ्या रेघा ओढल्या. फेरी झाल्यावर बघायचं की रेघ कुठवर पुसली गेली. फार खालपर्यंत पुसली तर टायर वळणावर लोळतोय, हवा वाढवायची. पुसलीच नाही तर कमी करायची. साध्या गाडीच्या दारावर हवेचा जो आकडा लिहिलेला असतो त्याहून थोडी जास्तच लागते म्हणे. काहीजण बुटांचं पांढरं पॉलिश लावतात. पलीकडे एक बापलेक एकच गाडी आलटून पालटून चालवत होते. बाप उतरला की पोरगा झाडांना पाणी मारायच्या पिचकारीने टायरवर पाणी मारायचा, तापलेल्या तव्यावर घावनाआधी पाणी शिंपडावं तसं. चर्र आवाज आला म्हटल्यावर मला थोडी घरची आठवण आली.

पण सगळ्यात गंभीर लफडं तळघरात आहे. गौरीच्या मखराच्या जागी आता चार टायर रचलेत! टायरच्या अंगावर एक आकडा असतो, रबर किती टिकेल त्याचा. साध्या गाड्यांच्या वर्गात हा आकडा २०० च्या खाली चालत नाही, मग हे लोक बरोबर २०० चे आणतात, म्हणजे नियमाने चालतील तितके मऊ. मऊ टायर चिकटतो, चिकटतो म्हणून झिजतो, झिजतो म्हणून पुन्हा घ्यायचा. आजीबाईंचा सल्ला होता की पहिलं वर्ष गाडीवर एक डॉलर खर्च करू नका, स्वतःवर करा. आणि गाडीत काही बदलण्याआधी नियमांचं पुस्तक उघडा. ब्रेकचे पॅड बदलले तर हरकत नाही. पण गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा टाकल्यात की तुमचा वर्गच बदलतो, आणि तुम्ही जाऊन पडता वर्षानुवर्षं मुरलेल्या लोकांच्या पंगतीत. तीनशे डॉलरच्या स्प्रिंगेपायी पहिल्याचे शेवटचे. हे ऐकताना जावई दुसरीकडे बघत होते. स्प्रिंगा आल्या आहेत, मी खोका बघितलाय, कपाटामागे आहे. लेकीला अजून माहीत नाही. तुम्ही सांगू नका.

आपल्याकडच्या पोरांनी उगाच हुरळून जाऊ नये म्हणून मध्येच सांगते. भारतात ऑटोक्रॉस बहुतेक मातीच्या मैदानावर होतं, इंग्लंडात गवताच्या शेतात. डांबरावरच्या शंकूंच्या खेळाला ते लोक ऑटोसोलो म्हणतात. आपल्याकडे मोटारस्पोर्टच्या क्लबांचा महासंघ आहे, एफएमएससीआय. त्याच्या मान्यतेची स्पर्धा असेल तिथेच जावं. लोणावळ्याच्या घाटात मित्रांशी पैज लावणं याला खेळ म्हणत नाहीत, त्याला पोलीस चौकी म्हणतात.

आता मूळ बातमीकडे येते, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं. तिसऱ्या रविवारी लेकीनेही नाव घातलं. माझ्या पोटच्या पोरीने. बायकांसाठी वेगळा वर्गही असतो, पण ही गेली नवशिक्यांच्या सरसकट वर्गात, नवऱ्याच्याच वर्गात, त्याच गाडीत. तिच्या फेऱ्या सकाळी, त्याच्या दुपारी. सकाळच्या पाचव्या फेरीत तिची वेळ ५०.३८७. रस्ता चुकली नाही, शंकू पाडला नाही. बारावीला गणितात शंभरपैकी सत्त्याण्णव मिळाले तेव्हाही हिचा चेहरा इतका फुललेला नव्हता. जावयांनी कौतुक केलं. पण त्यांच्या कौतुकात जरा कमी साखर होती. आईला असं कळतं.

दुपारी तिच्यावर काम आलं. अंगात नारिंगी जाकीट, हातात रेडिओ, उभी राहिली नेमकी शेवटच्या नागमोडी वळणावर. आणि जावई निघाले शेवटच्या फेरीला.

काय सांगू, त्या दिवशी तो माणूस सुंदर चालवत होता! टायर बोंबलला नाही. पहिलं वळण, दुसरं, ती चुकलेली चौथ्याची जागा, सगळं सरळ सुरी फिरल्यासारखं. मीही उभी राहिले. आजीबाईंनी कॉफी खाली ठेवली. शेवटच्या नागमोडीत तीन शंकू एका रांगेत, एकाला डावीकडून, दुसऱ्याला उजवीकडून, तिसऱ्याला पुन्हा डावीकडून. तिसऱ्याला मागचं चाक नुसतं चाटून गेलं. शंकू डुलला, दोन वीत सरकला आणि उभा राहिला. फळ्यावर आकडा आला: ४८.६१२. नवशिक्यांत सगळ्यात कमी. जावयांनी गाडीतूनच मूठ वर केली.

आणि माझी लेक त्या शंकूपाशी धावत जाऊन वाकली.

प्रत्येक शंकूच्या बुडाभोवती जमिनीवर चौकोन आखलेला असतो. शंकू हलला तरी हरकत नाही. उभा असेल आणि बुडाचा काठ त्या रेघेला कुठेही शिवत असेल तर माफ. पूर्ण बाहेर गेला तर गुन्हा. ती गुडघ्यांवर बसली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. गोधडीचा टाका बघावा तसा चष्मा कपाळावर चढवून बघितलं. मधे जेमतेम बोटभर डांबर होतं. मला वाटलं, आता ही उठेल आणि दोन्ही हात पसरून 'काही नाही' अशी खूण करेल. बाई, सात जन्मांचा नवरा आहे! कोण बघतंय बोटभर?

तिने रेडिओ तोंडाशी नेला आणि सख्ख्या नवऱ्याच्या गाडीचा नंबर सांगून एक शंकू लिहायला लावला. शंकू उचलून, फुंकर मारून, बरोबर चौकोनात ठेवला.

४८.६१२ चे ५०.६१२ झाले. जावयांची आधीची स्वच्छ फेरी ५०.४५५ ची होती, तीच धरली गेली. नवशिक्यांत लेक तिसरी, जावई चौथे. तिसऱ्यापर्यंत कॉफीचा मग बक्षीस.

परतताना गाडीत कोणी बोललं नाही. मी मागे बसले होते. लेकीच्या मांडीवर मग, जावयांची नजर रस्त्यावर, अगदी आजीबाईंनी सांगितलं तशी, लांबवर. घरी आल्यावर गणपती पुन्हा डॅशबोर्डवर बसला. मी म्हटलं, पोरांनो, आता मी काहीतरी गरम करते, आणि पिठलं टाकलं, लसणाची सणसणीत फोडणी देऊन. पहिली भाकरी संपेपर्यंत नुसता ताटांचा आवाज. मग जावयांनी वाटी पुढे केली.

"थोडं पिठलं वाढ ना."

लेक तव्याशी उभी होती. तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"थांब," म्हणाली. "दोन सेकंद."